फेबियस आणि अण्णांची किल्ली

पार्सिपनी, १९ नोव्हेंबर १९८५, संध्याकाळ

फेबियसवरचा लेख पुरा झाला. समोरासमोरची लढाई टाळत हॅनिबलला थकवणारा रोमन सेनापती. नेहमीप्रमाणे आधी अण्णांना, माझ्या वडिलांना, वाचून दाखवला. त्यांनी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय. ऐकताना त्यांचा हात सारखा जानव्याकडे जात होता. कऱ्हाडच्या घराची किल्ली तिथं बांधलेली असते. सकाळी एक्स-रेसाठी नर्सनं सोडायला लावली.

"माझ्या परतीच्या तिकिटाचं काय झालं?"

"पुढच्या आठवड्यात बुक करतो, अण्णा."

"तूही फेबियसच की रे!" हसले. मग म्हणाले, "पण तो थांबला शत्रू थकावा म्हणून. इथं थकतंय कोण?"

मी लेखाची पानं टेबलावर नेऊन ठेवली. त्यांचं हृदय आता विमानप्रवास सोसणार नाही, कधीच नाही, हे डॉक्टरांनी मला सांगून तीन आठवडे झाले. आयुष्यात एक डेडलाइन चुकवली नाही, आणि हे एक वाक्य लांबवतोय. कशाच्या आशेवर?

जेवून टेबलाशी आलो. लेखावर किल्ली ठेवलेली. त्यांनी ती परत बांधलीच नाही; माझ्यासाठी ठेवून झोपायला गेलेत.

ते वाक्य आता मला सांगावं लागणार नाही.