शंभराला एक

४ जून, मंगळवार

झालं! कोठार बंद होणार. तीस तारखेला.

गाव वसवायच्या त्या जुन्या खेळासाठी आम्ही लोकांनी अकरा वर्षं जे जे घडवलं — घरं, झाडं, कुंपणं, माझी दारं — ते सगळं 'कोठार' या एका साइटवर आहे. खेळ काढणारी कंपनी कधीच हात झटकून मोकळी झाली. खेळ जिवंत आहे तो आमच्यासारख्यांच्या हौसेवर.

ग्रंथपाल बाई नवी जागा उभी करताहेत. (खरोखरच एका ग्रंथालयात असतात, म्हणून सगळे त्यांना हेच म्हणतात.) अट एकच — वस्तू करणाऱ्याची लेखी परवानगी हवी. "जुनी झाली म्हणून न विचारता उचलायची? ती चोरीच की हो!"

पटलं.

परवाना तीन ओळींचा. कुणीही वापरा, हवं तसं बदला, पण करणाऱ्याचं नाव ठेवा. हिला वाचून दाखवला. ही म्हणाली, "नावं ठेवायला परवाना कशाला? तुमची बहीण इतकी वर्षं बिनपरवानाच ठेवतेय."

५ जून

एकशे बारा दारं. सगळ्यांची परवानगी दिली. पहिला फॉर्म माझाच! नावाच्या जागी 'रंधा' — तिथे मी रंधाच.

छाती फुगली, खोटं कशाला लिहू? गावच्या शाळेत माझं नाव फळ्यावर यायचं ते 'उशिरा येणारे' या मथळ्याखाली.

९ जून, रविवार

बहुतेकांचे होकार आले. अडलंय ते 'झरोका'पाशी. आठ वर्षांपूर्वी एक्केचाळीस खिडक्या ठेवल्या आणि गप्प. कोण, कुठला, पत्ता नाही. निरोपांना उत्तर नाही.

बाई म्हणाल्या, "परवानगी नाही, तर खिडक्या नाहीत. मला काय कमी वाईट वाटतंय?"

अशा खिडक्या दुसऱ्या कुणाला जमलेल्या नाहीत. त्या गेल्या तर निम्मी गावं आंधळी होतील.

१२ जून

मुलीचा फोन. तीही हा खेळ खेळते. हसत सुटली होती. "बाबा, तुमचं प्रत्येक दार इतरांच्या दारापेक्षा मोठं आहे. माहितीये ना?"

मापं काढली. खरंच की! शंभराला एक. प्रत्येक दार.

अठ्ठावीस वर्षं फाउंड्रीत लाकडी पॅटर्न करतोय. पॅटर्न वाळूत दाबायचा, काढायचा, उरलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. लोखंड निवताना आकसतं, म्हणून पॅटर्न शंभराला एकानं मोठा ठेवायचा. हाताला इतकं वळण पडलंय की इथेही ठेवला. कॉम्प्युटरात कुठलं लोखंड निवणार! माझी दारं अकरा वर्षं निवायची वाट बघताहेत.

लाज वाटली. मग एकटाच हसलो.

१३ जून

एकदम आठवलं — झरोक्याच्या खिडक्या कुणाच्या घरात नीट बसत नाहीत, ही लोकांची जुनी तक्रार. माझ्या दारांशेजारी मात्र वरची रेघ तंतोतंत जुळते.

१५ जून, शनिवार

खिडक्या मोजल्या. त्याही शंभराला एकानं मोठ्या. वाटलं, माझ्या दारांवरून माप घेतलं असेल. मग कडा पाहिल्या.

कडांना उतार आहे! पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून देतात तसा. खिडकी कोण वाळूतून काढणार आहे? आमच्याकडे सगळे एक अंश देतात. इथे दीड.

दीड देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

उठलो, तोंड धुतलं, देवापुढे जरा उभा राहिलो. मागितलं काही नाही.

मिस्त्री! ज्यांनी माझ्या हातात रंधा दिला ते. नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाले, त्या दिवशी मी त्यांना हौसेनं माझी दारं दाखवली होती. म्हणाले होते, "लाकडाचा वास नाही. याला काम म्हणायचं?"

१६ जून, रविवार

गेलो. जिन्याच्या तोंडाशीच खुर्ची टाकून बसले होते. गुडघे गेलेत. हात थरथरतात.

"मिस्त्री, झरोका म्हणजे तुम्हीच ना?"

"कुणी सांगितलं?"

"दीड अंशानं."

खुर्ची जरा सरकवून मला बसायला जागा केली. मग — "एक अंशानं पॅटर्न अडकतो. किती वेळा सांगितलंय?"

"पण तिथे वाळू नाही, मिस्त्री!"

"लोखंडही नाही. मग तुझी दारं का फुगलीत?"

सगळं पाहून बसले होते.

नातीनं खेळ घालून दिला म्हणे. "यात हात हलला तरी रेघ पुसून पुन्हा मारता येते. लाकूड एकदा कापलं की गेलं."

मी फॉर्म पुढे केला. तीस तारखेचं सांगितलं. त्यांनी वाचला आणि चेहरा बदलला.

"नाव ठेवा म्हणे! चव्वेचाळीस वर्षं पॅटर्न केले. एकावर तरी माझं नाव पाहिलंस? नंबर असतो. आता म्हातारपणी नाव कशाला?"

"मग खिडक्या पुसल्या जातील, मिस्त्री."

"विचार करतो. चहा घे, निवतोय. आणि चहा काही शंभराला एक जास्त नाही ओतलेला."

२० जून

उत्तर नाही. बाई म्हणतात, पुन्हा विचारा. मी नाही विचारणार. परवानगी मागायची असते, उकळायची नसते.

आज कामावर मुद्दाम पॅटर्नच्या कोठीत गेलो. मिस्त्रींच्या हातचे पॅटर्न वरच्या फळीवर, ओळीनं. पांढऱ्या रंगात नंबर. कडेवरून बोट फिरवलं — दीड. गटाराच्या झाकणाचा पॅटर्न अजून चालतो. गावभर रस्त्यांत तीच झाकणं. येताना एकावर पाय पडणार होता, वळसा घालून गेलो. मागून येणारा सायकलवाला चिडला. चिडू दे.

२४ जून

अजून उत्तर नाही.

२७ जून, गुरुवार

बाईंचा फोन, दुपारच्या सुट्टीत. "झरोक्याचा फॉर्म आला. नातीनं पाठवलाय. पण एक अडचण आहे."

"सही नाही केली?"

"सही आहे. पण 'हे कोणाच्या कामावरून केलं?' हा रकाना लोक रिकामा सोडतात, तो त्यांनी भरलाय. आता नियमानं आधी त्या माणसाचीही याच फॉर्मवर परवानगी हवी."

"कोण तो? मी आजच्या आज गाठतो त्याला!"

बाई हसल्या. "संध्याकाळी फॉर्म बघा. मग गाठा."

२८ जून

काल संध्याकाळी फॉर्म उघडला. अक्षर थरथरतं, पण रेघ सोडलेली नाही. करणाऱ्याचं नाव — झरोका खोडून खरं लिहिलंय, वडिलांच्या नावासकट. त्याखाली: 'माझा शिष्य रंधा याच्या दारांवरून.'

हाताखाली होतो त्या एकोणीस वर्षांत "बरं जमलंय" एवढंही कधी म्हणाले नव्हते.

खालच्या रिकाम्या जागेत मी सही केली. मिस्त्रींना परवानगी दिली. मी!