दोघांचं मिळून एकच मृत्युपत्र

अहो,

तुम्हाला हे पत्र पोचायचं नाही, म्हणूनच शेजारणीकडून मोकळेपणाने लिहून घेतेय. पानावर बसायला तुम्ही पहिले, जायलाही पहिलेच!

वकीलबाईंनी बजावलं होतं, "आजी, दोघं वेगवेगळी मृत्युपत्रं करा, हवं तेव्हा बदलता येतील. एकत्र करून 'एकट्याने बदलायचं नाही' अशी अट घातलीत, तर एक गेल्यावर दुसऱ्याचे हात बांधले जातील."

तुम्ही हसलात. "हिला काय बदलायचंय? आमच्या दोघांच्या मागे घर धाकट्याचंच." मीही मान डोलावून अंगठा उठवला.

आता धाकट्याला पक्कं ठाऊक आहे, म्हातारी रुसली तरी घर कुठे जात नाही. फक्त म्हातारीने जायचं राहिलंय. रोज सकाळी मला जागी बघून त्याचं तोंड नापास झालेल्या पोरासारखं होतं.

परवा त्याने माझा पलंग माडीवर हलवला. "वर वारा छान लागतो, आई." आज जिन्याचा कठडा काढलाय, रंगवायला म्हणे. शेजारीण म्हणते, रंगाचा डबा कुठे दिसला नाही.

आत्ताच खालून हाक आली, "आई, चहा झालाय, खाली ये."

"तूच वर आण," म्हटलं.

पायऱ्या वाजताहेत. शेजारणीला सांगितलंय, लिहीत राहा, पण उठू नकोस.

तुमच्याकडे यायची मुळीच घाई नसलेली,
तुमची मी