आधी लिंबू, मग दोरा

प्रिय शेंडेफळा,

काल टोमॅटोचा सॉस केला. तीन वर्षांनी. वाचून दचकली असशील. मीही ते मोठं पातेलं काढायला माळ्यावर चढले, तशीच खाली उतरले आणि मग पुन्हा चढले. पण आईनेच हट्ट धरला. तिचा आवाज अजून बसकाच आहे, घास गिळायला वेळ लागतो, तरी हुकूम सोडायची सवय काही गेलेली नाही. स्टुलावर बसून टोमॅटो निवडत होती आणि मऊ लागलेला प्रत्येक टोमॅटो माझ्यापुढे असा ठेवत होती, जणू तो मीच नासवला.

तू घरात पाऊल टाकलंस त्यालाही तेवढीच वर्षं झाली. फोनवर आईची तब्येत विचारतेस आणि बाबांचा आवाज ऐकू आला की घाईने ठेवून देतेस. का, ते मला ठाऊक आहे. त्या एका खराब बरणीतला सॉस खाऊन आई दीड महिना दवाखान्यात होती, त्यातले किती दिवस श्वासाच्या मशीनवर, आणि बरण्यांत लिंबाचा रस घालायचं काम तुझं होतं. आंबटपणा कमी पडला असणार, असं डॉक्टर म्हणाले मात्र, बाबांनी सगळ्यांदेखत तुला सुनावलं की एवढंसं काम तुला धड जमलं नाही. तू मान खाली घातलीस. मी तुझ्या शेजारीच उभी होते.

काल सालं काढताना बोटं भाजली आणि तुझी फार आठवण आली गं. तू प्रत्येक टोमॅटोला आई गं, आई गं करायचीस आणि आई म्हणायची, इथेच आहे मी, ओरडू नकोस. गर चाळणीवर घासायची वेळ आली की तुला बरोबर तहान लागायची. कामचुकार कुठली! मग रस आटून घट्ट होईपर्यंत आपण दोघी आळीपाळीने ढवळायचो. काल एकटीने ढवळलं, खांदे अजून ठणकताहेत.

बरण्या उकळून फडक्यावर मांडल्या. आईचा नियम आठवतो ना? रिकाम्या बरणीत आधी तू दोन चमचे लिंबाचा रस घालायचा, तो पडला की मी तिच्या गळ्याला लाल दोरा बांधायचा, मग सॉस. दोरा दिसला म्हणजे लिंबू पडलं. काल मी सवयीने पहिला दोरा हातात घेतला, तर आईने माझा हात धरला. दोरा काढून घेतला, स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि लिंबाची वाटी माझ्यापुढे सरकवली. मला कळलं, तिला सगळं माहीत होतं, आणि माझ्या तोंडून निघायची ती वाट बघत होती.

त्या दिवशी मला मैत्रिणीकडे जायची घाई होती. तुझ्या निम्म्या बरण्या झाल्या असतील, तेवढ्यात दार वाजलं, तू उघडायला गेलीस. तेवढ्यात मी सगळ्याच बरण्यांना दोरे बांधून सॉसही भरून टाकला. परत येऊन विचारलंस, ताई, कुठल्या राहिल्या? मी आरशासमोर होते. मान न वळवता म्हटलं, दोरा असेल ती झाली. दोरा सगळ्यांनाच होता. दवाखान्यात मला हे लख्ख आठवत होतं आणि मी गप्प राहिले. भ्याले. आज सकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि तुझा नंबर विचारला, तो त्यांना पाठ असून. मीच थांबवलं. म्हटलं, आधी माझं पत्र पोचू दे. माझ्यावर चीड, बोलू नकोस, पण घरी ये. तू काहीही विसरली नव्हतीस.

तुझीच,
ताई