धाकट्या भावाच्या नावे काहीही न ठेवण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे छप्पन, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वंगणाच्या कारखान्यात अंतर्गत हिशेबतपासनीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने व स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत; डोके शाबूत आहे, आणि तसा दाखला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दिला आहे. येत्या गुरुवारी माझ्या धाकट्या भावाचे एक मूत्रपिंड काढून मला बसवायचे ठरले आहे. हे मृत्युपत्र करण्यास मला कोणी भाग पाडलेले नाही. मूत्रपिंड देण्यास भावालाही कोणी भाग पाडलेले नाही, असे रुग्णालयाच्या कागदपत्रांत नमूद आहे. हे शेवटचे वाक्य उतरवून मी पुन्हा वाचले, म्हणून पुढील मजकूर थोडा लांबला आहे.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. तथापि घरातल्यांना मी आजवर तोंडी आदेश भरपूर दिले. दिवे मालवण्याचे, चपला रांगेत ठेवण्याचे, पाहुण्यांसमोर हळू बोलण्याचे, हे सर्व आदेश माझ्या मृत्यूनंतर रद्द समजावेत.

२. राहते घर सर्व सामानासह माझ्या पत्नीचे राहील. कोणतीही अट नाही. सूचना मात्र आहेत. निदान वर्षभर घर विकण्याचा निर्णय कोणाच्याही आग्रहाने घेऊ नये. एकटी असली तरी ताट वाढून, बसून जेवावे. ओट्याशी उभ्याने उरकू नये. गिझरची वायर मी "रविवारी बघतो" म्हणून बरीच वर्षे बघितलेली नाही, ती इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्यावी. माझ्या डायलिसिसच्या काळात रुग्णालयाच्या बाकावर बसून तिची पाठ धरली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले, तर "यांना टाकून कुठे जाऊ?" ही तिची सबब. ती सबब मी माझ्याबरोबर नेत आहे. तिने चालायला जावे.

३. बँकेतील शिल्लक व ठेवी माझ्या मुलीला मिळाव्यात. मूत्रपिंडाचा विषय निघाला तेव्हा सर्वांत आधी तीच म्हणाली, "बाबा, माझी किडनी घ्या. विषय संपला." मी म्हणालो, "गप्प बस. तुझं सगळं आयुष्य जायचंय अजून." तिला नाही म्हणायला मला क्षणही लागला नाही. पैशांबरोबर एक सल्ला ठेवतो. घरातले एखादे माणूस सगळ्यांसाठी धावत असेल, तर त्याला धावायची हौस आहे असे धरून चालू नये. मी धरून चाललो.

४. हे माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ. नगरपालिकेच्या तलावावर तो मुलांना पोहायला शिकवतो. त्या दिवशी तो आमच्याकडे दाराची कडी बसवत होता. मुलीचे आणि माझे बोलणे ऐकून तो स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "दादा, माझी चालेल ना? फक्त तारीख आधी सांग, उन्हाळ्यात बॅच मोठी असते." कडी छान बसली, एवढेच मी बोललो.

त्यालाही आयुष्य आहे. त्याला दोन मुले आहेत, आणि ती माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत. हे त्याच्या पत्नीने मला एकदाच ऐकवले, तेही चहाचा कप पुढे ठेवून, आवाज न चढवता: "भावोजी, तुमची मुलगी तेवढी लहान, आणि माझा नवरा मोठा झाला होय?" मी चहा प्यायलो.

५. माझ्या चुलतभावाने रक्तगट जुळतो असे कळल्यापासून माझे फोन उचलणे बंद केले. नातेवाइकांत मी त्याला नाही नाही ते बोललो. तो राग मी मागे घेत आहे. त्याला भीती वाटली आणि ती त्याने लपवली नाही. माझा बुद्धिबळाचा लाकडी पट त्याला द्यावा. हरल्यावर तो सोंगट्या आपटतो, तरीही द्यावा.

६. आईवडिलांचे दोन खोल्यांचे घर आम्हा दोघा भावांच्या नावे आहे. तिथे धाकटा राहतो. माझा अर्धा हिस्सा त्याला द्यावा असे मी ठरवले होते. अवयवदानाच्या समितीने त्याला विचारले होते, "याबदल्यात तुम्हाला काही मिळणार आहे का?" तो म्हणाला, "शिव्या. लहानपणापासून त्याच मिळताहेत." समितीचे साहेब हसले आणि "काही नाही" असे लिहिले. त्यामुळे जिवंतपणी काही देता येणार नव्हते. मृत्युपत्रातून देऊ, असा माझा विचार. हा मसुदा तपासणाऱ्या वकीलबाईंचे मत पडले की शंका घेणारा घेईल, पण लिहायला हरकत नाही.

आज सकाळी धाकट्याने मसुदा वाचला. "हे काय लिहिलंयस?"

"तुझ्या हक्काचं आहे."

"दादा, उद्या पोरं मोठी होतील. बापानं किडनी देऊन खोली मिळवली, असं वाटेल त्यांना. खोड ते." मग वकीलबाईंकडे वळून म्हणाला, "बाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही ना?"

"शक्यतो ठेवत नाहीत. वाद होतात."

"मग दुसरा साक्षीदार मी."

सबब माझा हिस्सा पत्नीला जाईल. तिने धाकट्याकडे भाडे किंवा वाटणी कधीही मागू नये. ती मागणार नाही हे मला ठाऊक आहे. लिहून ठेवले की मला बरे वाटते.

७. शस्त्रक्रियेनंतर सगळे माझ्या खाटेभोवती जमतील. माझी विनंती की निम्म्यांनी त्याच्या खोलीत बसावे. आजारी मी आहे, पण वार त्याच्या धडधाकट पोटावर होणार आहे. त्याने वर्षातून एकदा रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासावा, डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, ते परवानगी देईपर्यंत जड उचलू नये आणि तलावात उतरू नये. हे त्याला सांगितले तेव्हा म्हणाला, "व्रण बघून पोरं विचारतील ना! शार्क चावला म्हणून सांगेन." पत्नी हसली. मला हसता आले नाही.

८. मी दगावलो आणि तो वाचला, तर वरीलप्रमाणे व्हावे. तो दगावला आणि मी वाचलो, तर काय करावे याचे कलम मी तीनदा लिहायला घेतले. ते येथे नाही.

९. मसुदा पूर्ण झाला आणि धाकटा सहीसाठी खुर्ची ओढून बसला. तेव्हा माझ्या लक्षात आले की समितीने विचारले, डॉक्टरांनी विचारले, मी त्याला विचारलेलेच नाही. म्हणून पत्नी, वकीलबाई आणि डॉक्टर यांच्यासमक्ष विचारले, "तुला द्यायची आहे का? नको असेल तर नको म्हण. डॉक्टर 'चाचणीत बसत नाही' एवढंच सगळ्यांना सांगतील. मीही कारण विचारणार नाही."

तो लगेच हो म्हणेल असे मला वाटले. खरे सांगायचे तर तशी आशा होती. तो बराच वेळ पेनाचे टोपण काढघाल करत राहिला. मग म्हणाला, "दादा, घरी हिला मी विचारलंच नाही रे. नुसतं सांगितलं. विचारून येतो. उद्या सांगितलं तर चालेल?"

मी चालेल म्हणालो. हे लिहून होईपर्यंत तो थांबला आहे; सही करून तो घरी जाईल.

१०. उद्या त्याचे उत्तर काहीही आले तरी या मृत्युपत्रात एका अक्षराचाही बदल होणार नाही. तो नको म्हणाला, तर आमच्या घरातील कोणीही, मी धरून, त्याला का म्हणून विचारू नये.

हे सर्व मी वाचून पाहिले, ते मला मान्य आहे, आणि खालील दोघांसमक्ष मी सही करत आहे.

मृत्युपत्रकर्ता: (सही)

साक्षीदार १: (सही) आमचे नेहमीचे डॉक्टर
साक्षीदार २: (सही) पोहण्याचे शिक्षक, मृत्युपत्रकर्त्याचे सख्खे भाऊ

स्थळ: राहत्या घरी, जेवणाच्या टेबलाशी
दिनांक: ९ मार्च २०२६