एकनाथ अँड सन

बाबा, तुम्हाला आणि आईला नमस्कार.

मी मजेत आहे. इथे अमेरिकेत, स्टेट कॉलेज गावात थंडी आहे, पण जेवते नीट. तुमचं बीपी कसंय? गोळ्या घेताय ना?

तुमच्या लेकाने, प्रसादने आपल्या गणपती कारखान्याच्या नव्या बोर्डचा फोटो पाठवला. 'एकनाथ अँड सन'! आणि आईचं नाव? सगळ्या मूर्तींचे डोळे तीच काढते ना?

इथे आर्टच्या क्लासमध्ये यूडिथ लेस्टर शिकवली. चारशे वर्षांपूर्वीची डच पेंटर. तिची चित्रं फ्रान्स हाल्स नावाच्या पेंटरची म्हणून विकली जायची. मग एका चित्रावर त्याच्या खोट्या सहीखाली तिची खूण सापडली, नावाची अक्षरं आणि छोटा स्टार. मला क्लासमध्येच आई आठवली आणि रडू आलं.

तुम्ही म्हणाल, "बायकांची नावं कोण लावतं बोर्डवर?" आपण लावायची, बाबा. नाहीतर या वर्षी घरच्या मूर्तीचे डोळे प्रसादला काढू द्या. गेल्या वर्षी त्याने फक्त उंदराचे काढले होते, तर तो उंदीर विसर्जनापर्यंत तिरळा बघत होता.

हे आईला मोठ्याने वाचून दाखवा. आणि बोर्ड बदलल्याशिवाय मला फोटो पाठवू नका.

तुमची लाडकी, पण या भांडणात आईच्या बाजूची,
चैत्राली