महापेच्या गच्चीवर दुपारी बारा वाजता

मॅडम,

तुम्हाला मॅडम म्हटलेलं आवडायचं नाही. रेडिओ स्टेशनवर, तुम्ही आमच्या बॉस असूनही, सगळे तुम्हाला नावाने हाक मारायचे, तुमच्या निम्म्या वयाचेसुद्धा. मला ते कधी जमलं नाही. उरणजवळच्या गावातून आलेली, कॉलेजात शिक्षकांसमोर मान वर न करणारी मुलगी मी, चाळिशीतल्या बाईला नावाने कशी हाक मारणार? तुम्ही म्हणायचात, "तू मॅडम म्हणालीस की माझ्या हातात छडी असल्यासारखं वाटतं." तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. आज मी तुमच्या स्टेशनवरच्या दिवसांतल्या वयाची आहे, तरी पत्राच्या सुरुवातीला दुसरं काही सुचलं नाही.

महापेची ती इमारत अजून उभी आहे. खाली प्लास्टिकच्या पायपांचा कारखाना, वर आपण. बाकी सगळी स्टेशनं सिनेमाची गाणी लावत असताना आपण सकाळपासून गिटारी आणि ड्रम वाजवायचो, आणि लोक ऐकायचे! वाशी-नेरुळच्या कॉलेजांतली पोरं बँड काढून, घरी रेकॉर्ड केलेल्या सीड्या घेऊन जिन्यात बसून राहायची. दुपारच्या शोवाल्याने एकदा आतून कडी लावून एकच गाणं अकरा वेळा वाजवलं. तुम्ही काचेबाहेर उभं राहून बोटांनी आकडा मोजत होतात आणि बाराव्यांदा लावलंस तर याद राख, असं खुणेने सांगत होतात. कॅन्टीनमध्ये ड्रमसेट होता, चहा त्याच्यावरच ठेवायचे. अब्बा न्हावा शेवा बंदरात कस्टमची कागदपत्रं करायचे. पोरगी रेडिओत आहे एवढंच ते सांगायचे, कुठल्या ते नाही.

पहिल्या आठवड्यात मी परदेशातून आल्यासारखं इंग्रजी बोलत होते. तुम्ही शो संपल्यावर मला पॅन्ट्रीत नेलंत, कॉफी ओतून दिलीत आणि म्हणालात, "कुणाची नक्कल करतेयस? उद्या माईक चालू कर आणि उरणहून इथपर्यंत कशी आलीस तेवढं सांग. घरी जशी बोलतेस तशी." दुसऱ्या दिवशी मी मराठीत, मध्येच हिंदीत, कंटेनरच्या रांगेमागे तासभर अडकलेल्या बसबद्दल सांगितलं. लगेच त्याच रांगेतल्या एका ड्रायव्हरचा फोन आला. "ताय, नाव नाय येत मना, पन तो कालचा बोंबलनारा गाना लाव ना." तुम्ही काचेपलीकडे टेबलावर हात आपटून हसत होतात. तिथून माझा सकाळचा शो चालला. वर्षभरात मला बाजारात लोक आवाजावरून ओळखायला लागले, आणि ते माझ्या डोक्यात गेलं, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं. "माईकसमोर आपण एकटे असतो," तुम्ही एकदा म्हणालात, "म्हणून समोर कुणी नाही असं वाटतं. पलीकडे माणसं आहेत हे विसरू नकोस." मी हो म्हटलं. ऐकलं नाही.

त्या दिवशी नेरुळचा एक बँड स्टुडिओत रेकॉर्डिंगला येणार होता. फक्त रेकॉर्डिंगला. सकाळी नऊच्या सुमारास, दोन गाण्यांच्या मध्ये, मला लहर आली. मी बोलून गेले, "आज बारा वाजता आमच्या गच्चीवर बँड वाजणार आहे. काम सोडा, कॉलेज बुडवा, सगळे महापेला या." कुणालाही विचारलं नव्हतं. साडेअकराला मी खिडकीतून बघतेय तर गेटपासून मोठ्या रस्त्यापर्यंत मोटारसायकली, पोरं एकमेकांच्या खांद्यावर, खालचे कामगार पायपा सोडून बाहेर आलेले. मला आधी आनंदच झाला. मग गेट आत झुकताना दिसलं. आपले वॉचमन काका, घणसोली गावातले, दोन्ही हातांनी ते धरून उभे होते. गेट पडलं ते त्यांच्या अंगावर. पायाचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. पोरांनीच गेट उचलून त्यांना बाहेर काढलं.

पोलीस वर आले तेव्हा मी माझ्या खुर्चीतच होते. साहेबांनी विचारलं, "लोकांना कुणी बोलावलं?" तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मी. हिच्या हातात कागद मी दिला होता. हिने फक्त वाचला." असा कागद नव्हता. मी तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती, अब्बांनी मला घरी बसवलं असतं. हे सगळं त्या दोन मिनिटांत माझ्या मनात येऊन गेलं, आणि मी तोंड मिटूनच ठेवलं. तीन दिवसांनी मालकांनी तुम्हाला जायला सांगितलं.

जायच्या दिवशी तुम्ही मला गाडीत बसवून वाशीच्या हॉस्पिटलात घेऊन गेलात. मला वाटलं, आभार मानायची संधी मिळेल. तुम्ही वॉर्डच्या दारात थांबलात. "पोलिसांना काय सांगायचं ते मी सांगितलं. ह्या माणसाची माफी मात्र मी मागणार नाही. ती तू मागायची." आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलात. काकांचा पाय वर टांगलेला, त्यांची बायको मोसंबं सोलत होती. मी रडत रडत सांगितलं, की कागदबिगद काही नव्हता, मीच बोलले. बाईंनी सोलणं थांबवलं. काका म्हणाले, "मंग? वाजवला का नाय त्यांनी?" मी म्हटलं, नाही वाजवलं काका. "अरेरे," ते म्हणाले, "येवढी पोरा आलती." बाईंनी मला एक फोड दिली. मग मान फिरवून त्यांनी पुढचं मोसंबं सोलायला घेतलं.

तुमच्यानंतर स्टेशन वर्षभर चाललं, मग तिथेही सिनेमाची गाणी लागली. ड्रमसेट कुणी नेला माहीत नाही. तुम्ही दुसऱ्या कुठल्या स्टेशनवर गेला नाहीत. खारघरला मुलांना इंग्रजी शिकवायचात, असं कळलं. मी एकदा तुमच्या सोसायटीच्या गेटपर्यंत आले होते. रजिस्टरमध्ये नाव लिहायला पेन घेतलं आणि परत ठेवलं. तुमच्या आजाराचं स्टेशनच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर वाचलं, आणि चारच दिवसांनी तुम्ही गेल्याचंही.

आता मी उरणजवळ द्रोणागिरीत एका गोडाउन कंपनीत आहे, सेफ्टी ट्रेनिंगला. नवीन कामगार आले की पहिला तास माझा. गर्दी झाली तर काय होतं, गेट का धरून ठेवायचं नाही, हे समजावताना मी दर वेळी महापेची गोष्ट सांगते. पोरं मन लावून ऐकतात. परवा एकाने हात वर केला. "मॅडम, येवढ्या लोकांना बोलावलं कोणी पण?"

इतकी वर्षं मी जे सांगत आलेय तेच सांगितलं. आमची बॉस होती, तिने.

"येडी होती काय ती?"

सगळा वर्ग हसला. तुम्हाला हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण त्यांच्याबरोबर मीही हसले.