तुहा फोन आईनं चालू ठेवला

प्रिय दादा,

तू गेला तरी तुह्या फोनवर लोनवाल्यायचे फोन येतच होते. काल ते बंद झाले. म्हणून लिवून राहिली. नववीतून शाया सोडल्यापासून मी काई लिवलं नाही, अन् बोलाचं तर तुले माहीतच आहे. घरी पाव्हणे आले का मी न्हाणीत जाऊन बसाची. पन काल अमरावतीले जे पायलं, ते तुले सांगतल्याशिवाय मले राहवत नाही. मले तुह्यावर लय राग आला आहे.

बडनेऱ्यात तू मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं तवा कसा हसत होता. मंग एका ॲपवरून पैसे उचलले. ते फेडाले दुसऱ्या ॲपवरून. लोकायचे फोन दुरुस्त करता करता तू आपल्याच फोनले भ्याले लागला. जेवताना तो वाजला का घास तसाच ताटात. मी पाहाची. तू म्हनाचा, कंपनीवाले आहेत, ऑफर सांगतेत.

घरात सगळ्यायले वाटलं, पोराचं मन लागत नाही. अकोल्याहून मामा आले, तुह्याकडे पायलं अन् आईले बोलले, "बाई, याचं लगन करून टाक. बायको आली का येते ठिकाणावर."

आपल्याकडे पोट्ट्याले झोप लागत नसली का पोरगी पाहतेत. डॉक्टर पाहत नाहीत.

धामणगावची पोरगी पायली. लगनाआधीच्या साक्षगंधासाठी आईनं पतसंस्थेतून सोताच्या नावानं लोन काढलं. मंडप, जेवन, अंगठी, पोरीची साडी, सगळं. अन् तू स्टेजवर बसला होता. फोटोवाल्यानं तुह्या डोयाखालचं काळं झाकाले पावडर लावली. मामा सगळ्यायले सांगत होते, नवरदेव लाजते.

आई सही कराले गेली त्या दिवशी तू घरीच होता ना? चप्पल तूच काढून देली तिले. तवा तरी बोलाचं होतं. "आई, नको, माह्यावर आधीच लय आहे." इतकंच. मले मुकी म्हनून सगळे हासतेत. तू तर बोलका होता, दादा. गिऱ्हाईकाले तुटका फोन पन गोड बोलून परत देत होता.

मले तू सांगतलं, ते पन साक्षगंध झाल्यावर. दुकानात कोनी नव्हतं, तू एका फोनची काच बसवत होता. म्हने, बडनेऱ्याच्या बँकेतल्या एका सायबाकडे गेलो होतो, त्यानं कागदावर हिशोब करून देला, कोनतं आधी फेडाचं, कोनतं मंग. अन् झोपेसाठी अकोल्याच्या डॉक्टरकडे गेलो होतो, बडनेऱ्यात कोनी पाहू नये म्हनून. त्यानं गोया देल्या, टेन्शन घेऊ नका म्हने. मी इचारलं, मंग? तू हासला.

"आता हिशोब पान्यासंगं गिळतो अन् गोया बँकेत भरतो."

मी पन हासली. तू पैशेवाल्याले झोपेचं नाही सांगतलं अन् झोपेवाल्याले पैशाचं नाही सांगतलं. त्यायनं पन नाही इचारलं. कावून इचारतीन? त्यायच्या टेबलावर त्या दुसऱ्या गोष्टीचा कागदच नव्हता.

मंग तू अकोल्याहून गोया घेऊन येताना मुर्तिजापूरच्या पुढं उभ्या ट्रकवर गाडी धडकली. लोक काई काई बोलतेत. मी कोनाचं ऐकत नाही. किती दिसाचा जागा होता तू, मले माहीत आहे. डोया लागला तुहा. झोप आली ती तिथं.

तुहा फोन फुटला नाही. आईनं तो चार्जिंगले लावला अन् तवापासून कधी उतरू देला नाही. लोनवाले शिव्या देत, आई ऐकत बसे. उचलू नको म्हनलं तर माह्यावर धावे. मंग तिची पन झोप गेली. तुह्यासारखीच उठून पान्याचा माठ पाहाची, दाराची कडी पाहाची.

दवाखान्याच्या आशाताईनं आमाले अमरावतीच्या एका सल्ला केंद्रात धाडलं. तिथं एकाच टेबलावर दोघं बसतेत. कर्जाचं पाहनारे सर अन् मनाचं पाहनाऱ्या मॅडम.

सर सुदे मानूस. ॲपवाल्यायले मृत्यूचा दाखला पाठवू, शिव्या देतेत त्याची तक्रार लिवू, पतसंस्थेत हप्ता लहान करून मागू, असं सगळं समजावून सांगतलं. मंग तुह्या फोनकडे पाहून म्हनाले, "काकू, हे सिम आजच बंद करा."

आईनं फोन पदरात घेतला अन् उठली. "चाल वं," मले म्हने.

तुह्या वेळी पन असंच झालं असन. सायबानं बरोबर सांगतलं असन अन् तू उठून आला असशीन.

पन मॅडमनं सरायले हातानं थांबवलं. आईले इचारलं, फोन चालू कशाले ठेवता? आई दाराकडे निघाली. मंग मॅडमनं माह्याकडे पायलं. न्हाणी कुठं आहे ते पायलं मी पयले. पन आई दारात उभी होती, अन् ती गेली तर परत येनार नव्हती.

मी बोलली, "तो वाजला का तिले वाटते, दादाले कोनीतरी बलावून राहिलं. बंद केला तर कोनीच बलावनार नाही."

आई तिथंच खाली बसली अन् रडली. तुह्या मातीले पन नव्हती रडली.

सरायनं पेनाचं टोपन लावलं. म्हनाले, "मग फोन राहू द्या. फक्त नंबर काढू. त्याचे फोटो, सगळं तसंच राहील." मॅडम म्हनल्या, तुमीच काढा, घाई नाही. लय वेळानं आईनं साडीची पिन काढली अन् तिच्यानं सिम काढलं. तू गिऱ्हाईकाचं काढाचा तसंच.

एक टेबल, दादा. इतकंच लागत होतं. दोन खुर्च्या जवळ लावाले कोनाचं काय जात होतं? तुह्या वेळी एक बडनेऱ्यात होती अन् एक अकोल्यात, अन् मधात तू गाडीवर.

हप्ता संपला नाही, लहान होईन म्हनतेत. मी साड्याले फॉल लावाचं काम घेतलं आहे. मामा आताशा येत नाहीत.

तुहा फोन आता दिवसभर गप असते. फक्त सकाळी वाजते, दुकान उघडाले तू लावलेला अलार्म. आज तो वाजला तवा आई झोपेल होती. मी बंद केला, तिले उठवलं नाही.

तो अलार्म मी काढनार नाही. आई झोपली का नाही, हे मले त्याच्यावरूनच समजन. अन् ज्या सकाळी तो वाजाच्या आधीच ती जागी दिसन, त्या दिवशी मी तिले धरून त्या टेबलापाशी नेईन अन् सगळं सांगीन. तुह्यावानी गप नाही बसनार.

तुह्यावर रुसलेली,
तुही मनू